कथेचा क्रम आणि काळाचा क्रम

अद्भुतरम्य महाकथांच्या ज्या ग्रंथमाला गेल्या शतकात इंग्रजीत निर्माण झाल्या, त्यांच्याकडे प्रथमच वळणाऱ्या मराठी वाचकापुढे सर्वांत आधी उभा राहणारा प्रश्न आरंभ कोठून करावा हा असतो. कारण या मालांतील पुस्तके ज्या क्रमाने लिहिली गेली त्या क्रमाने त्यांतील घटना घडलेल्या नसतात, ज्या क्रमाने ती प्रसिद्ध झाली तो क्रम आजच्या आवृत्त्यांवर छापलेल्या आकड्यांशी जुळतोच असे नाही, आणि ग्रंथकर्त्याच्या निधनानंतर त्याच्या दप्तरातून निघालेले खंड कथाविश्वाच्या अगदी आदिकाळाविषयीचे असूनही छापून आलेले असतात ते सर्वांच्या मागाहून. प्रस्तुत पुस्तकात अशा निवडक मालांची फेरिस्त, प्रत्येक खंडाचे प्रकाशनवर्ष आणि त्यातील कथाकाळ यांच्या तपशिलासह, दिलेली आहे. ती कोणत्या तत्त्वाने सिद्ध केली, आणि एका क्रमाची शिफारस करताना दुसरा मागे का ठेवला, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

मराठ्यांच्या इतिहासाचे वाचन करणाऱ्यास दोन भिन्न जातींच्या साधनांचा परिचय असतो. जेधे शकावलीत शक, मास, तिथी अशा अनुक्रमाने घटना नमूद केलेल्या आहेत. एका नोंदीचा दुसरीशी संबंध काय, हे शकावलीकार सांगत नाही आणि ते सांगणे हे त्याचे कामही नव्हे. उलट कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १६९७ च्या सुमारास जिंजी येथे जी बखर लिहिली, तीत कालानुक्रम ठिकठिकाणी मागेपुढे झाला आहे, परंतु ऐकणाराच्या मनात शिवछत्रपतींची मूर्ती कोणत्या प्रसंगाने प्रथम उभी राहावी आणि कोणत्या प्रसंगाने ती पूर्णतेस जावी, याचा विचार सांगणाराने केलेला आहे. दोन्ही साधने अभ्यासकाला हवीतच. तथापि शिवचरित्राची ज्याला प्रथमच गोडी लागायची आहे, त्याच्या हाती कोणी आधी शकावली ठेवीत नाही. अद्भुतकथांच्या प्रांतात ग्रंथकार लिहितो ती बखर असते. तिच्यातून वर्षे आणि पिढ्या वेचून शकावली तयार करण्याचा उद्योग बहुधा नंतरचे रसिक करतात, आणि तो मोठ्या प्रेमाचा उद्योग आहे यात संशय नाही. तंटा उपस्थित होतो तो या शकावलीचा हुकूम बखरीवर चालवू लागल्यानंतर.

इतर कथाप्रकारांत हा तंटा इतका तीव्र होत नाही, याचे कारण वाचकाच्या पूर्वज्ञानात आहे. पानिपतावरील कादंबरी उघडणाऱ्या मराठी माणसाला त्या संग्रामाचा निकाल ठाऊक असतो. महाभारताची तर गोष्टच वेगळी: नैमिषारण्यात शौनकाच्या द्वादशवार्षिक सत्रासाठी जमलेल्या ऋषींना सौती जी कथा सांगतो, ती त्याने जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनाच्या मुखातून ऐकलेली आहे, आणि आदिपर्वाच्या अगदी पहिल्याच उपपर्वात धृतराष्ट्राच्या विलापातून साऱ्या युद्धाचा परिणाम एकामागून एक सांगून टाकलेला आहे. ज्या श्रोत्यांसाठी हे रचले गेले ते त्या परंपरेतच जन्मले होते. शेवट आधी कळल्याने त्यांचे काहीही हिरावले गेले नाही, किंबहुना शेवट माहीत असल्यामुळेच द्यूतसभेतील प्रत्येक फासा त्यांना अधिक जड वाटला असेल. परंतु विसाव्या शतकातील एखादा लेखक जेव्हा भूगोल, भाषा, देवता, नाणी आणि राजवंश यांसह एक संपूर्ण जगत् स्वतःच्या बुद्धीने निर्माण करतो, तेव्हा त्या जगाविषयी कोणाच्याही मनावर आधीचा संस्कार नसतो. कोणत्या इलाख्यात कोणाचा अंमल चालतो, कोणती गोष्ट तेथे नित्याची आणि कोणती विलक्षण, हे सारे वाचकाला एकाच माणसाच्या हातून मिळायचे असते. आणि कोणते ज्ञान केव्हा द्यावयाचे व तोवर कोणते अज्ञान राखावयाचे, हा निर्णय त्या माणसाच्या कलेचा निम्मा भाग असतो. वाचनक्रम बदलणे म्हणजे या निर्णयात फेरफार करणे होय.

याचे सर्वांत बोलके उदाहरण सी. एस. लुइसच्या नार्निया या मालेचे आहे, आणि ते पाल्यांच्या हाती पुस्तके देणाऱ्या आईवडिलांपुढे नित्य येणारे असल्यामुळे त्याचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे. ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ हे पहिले पुस्तक १९५० साली निघाले, आणि त्यानंतर वर्षास एक याप्रमाणे १९५६ पर्यंत सात पुस्तके पूर्ण झाली. त्यांपैकी सहावे, १९५५ चे ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’, नार्नियाच्या उत्पत्तीची कथा सांगते. पाचव्या पुस्तकाची कथा तर पहिल्याच्या शेवटच्या प्रकरणात जो दीर्घ काळ काही वाक्यांत उरकला आहे, त्याच्या पोटात घडते. कालक्रम धरावयाचा तर सहावे आधी, मग पहिले, मग पाचवे, अशी मांडणी होते. १९५७ साली एका अमेरिकन मुलाने लुइसला पत्र लिहून कळविले, की आपल्याला कालक्रमाने वाचावेसे वाटते, आईचा आग्रह मात्र प्रकाशनक्रमाचा आहे. लुइसने उत्तरात मुलाची बाजू घेतली. या पत्राच्या आधारावर हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने १९९४ पासून ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ला पहिला क्रमांक दिला, आणि आज दुकानात जो संच मिळतो त्यावर बहुधा हेच आकडे असतात.

ग्रंथकर्त्याचाच शब्द असताना आणखी वाद कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ते पत्र अखेरपर्यंत वाचले म्हणजे त्यातच लुइसने पुढे लिहिलेले आढळते, की पहिले पुस्तक लिहिताना आणखी पुस्तके लिहिली जातील याची आपल्याला कल्पना नव्हती, दुसरे लिहितानाही नव्हती, आणि वाचनाच्या क्रमाला कदाचित फारसे महत्त्व नसेलही. एका बालवाचकाला ममतेने दिलेला हा कौल आहे. त्याचा मान राखूनही, खुद्द पुस्तकाची साक्ष मला त्याहून वजनदार वाटते.

ती साक्ष अशी. भावंडे घर धुंडाळीत असता धाकटी लूसी एका रिकाम्या खोलीतील भल्या मोठ्या कपाटात शिरते. केसाळ कोटांची एक रांग ओलांडते, मग दुसरी. कपाटाची पाठ हाताला लागेल म्हणून ती पुढे हात करते, ती लागत नाही, आणि पायाखाली काहीतरी करकरते ते डांबराच्या गोळ्या असतील असे तिला वाटते तो ते बर्फ निघते. कोटांच्या जागी झाडांच्या फांद्या लागतात. दूर एक दिवा दिसतो, आणि त्या दिशेने चालत गेल्यावर तिला आढळतो तो रस्त्यावरचा दिव्याचा खांब, निबिड अरण्याच्या मध्यभागी, एकटा जळत असलेला. हा खांब येथे कोणी उभा केला, याचा ती विचार करीत उभी आहे तोच छत्री आणि कागदी पुडकी सांभाळीत एक अजापाद प्राणी झाडांतून बाहेर येतो. या क्षणी वाचक आणि लूसी यांच्या ज्ञानात तिळमात्र अंतर नाही; दोघेही त्या खांबापुढे सारख्याच विस्मयाने उभे आहेत. हा खांब तेथे कसा आला, याचे उत्तर सहाव्या पुस्तकात आहे आणि ते फार सुंदर आहे, परंतु ज्याने ते आधीच वाचले आहे त्याला या अरण्यात एक ओळखीची खूण तेवढी भेटते. पुढे अस्लान हे नाव चारही भावंडांच्या कानी प्रथम पडते, तेथे निवेदक वाचकाला उद्देशून सांगतो, की हा कोण हे मुलांना तुमच्याइतकेच अज्ञात होते. कालक्रमाने आलेल्या वाचकाच्या बाबतीत हे विधान सरळसरळ असत्य ठरते. लेखकाने आपल्या मजकुरात वाचकाला जी जागा नेमून दिली, तीच जागा आकड्यांच्या फेरबदलाने नाहीशी होते, आणि तीही नेमकी ज्या वयात असा विस्मय पूर्णत्वाने अनुभवता येतो त्या वयातील वाचकासाठी. म्हणून मुलांच्या हाती १९५० चे पुस्तकच आधी द्यावे, वेष्टनावर आकडा कोणताही असो.

लुइसचा ऑक्सफर्डमधील स्नेही जे. आर. आर. टोल्किन याच्या ग्रंथांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि अधिक समृद्धही. ‘द हॉबिट’ २१ सप्टेंबर १९३७ रोजी प्रसिद्ध झाले. प्रकाशकांनी उत्तरभाग मागितला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात टोल्किनने लेखणी उचलली, आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४–५५ मध्ये तीन खंडांत वाचकांपुढे आले. वस्तुतः ती सहा भागांची एकच अखंड कादंबरी आहे. युद्धोत्तर काळातील कागदाची महागाई आणि एवढ्या मोठ्या ग्रंथावरील खर्चाचा धोका यांमुळे तिचे तीन तुकडे करावे लागले. तिसऱ्या खंडाला ‘द रिटर्न ऑफ द किंग’ हे नाव प्रकाशकांनी दिले ते टोल्किनला रुचले नव्हते, कारण त्यामुळे कथेचा पुढचा भाग आधीच उघड होतो अशी त्याची तक्रार होती. कोणती गोष्ट वाचकाला केव्हा कळावी, याविषयी हा ग्रंथकार किती दक्ष होता हे एवढ्यावरूनही ध्यानात यावे.

त्याहून मोठा दाखला ‘द हॉबिट’च्या पाचव्या प्रकरणाचा आहे. १९३७ च्या आवृत्तीत भूमिगत सरोवराच्या काठी बिल्बो आणि गोलम यांच्यात कोड्यांची पैज लागते, तेव्हा आपण हरलो तर भेट म्हणून अंगठी देऊ असे गोलम आपण होऊन कबूल करतो; आणि हरल्यावर ती सापडत नाही म्हणून माफी मागून बाहेरची वाट दाखवितो. पुढे मोठी कादंबरी लिहिताना त्या अंगठीचे स्वरूप इतके भयंकर झाले, की गोलम ती स्वखुशीने देण्यास तयार होईल ही गोष्ट असंभवनीय ठरली. तेव्हा टोल्किनने ते प्रकरण नव्याने लिहिले आणि १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीत घातले. परंतु जुना मजकूर चुकीचा म्हणून टाकून न देता, ती बिल्बोने स्वतःचा हक्क शाबूत राहावा म्हणून सांगितलेली खोटी हकिकत होती, असा तिचा उलगडा मोठ्या कादंबरीच्या उपोद्घातात केला. या उलगड्याची खुमारी ज्याने ‘द हॉबिट’ आधी वाचले आहे त्यालाच कळते. बालकथेच्या हलक्या पावलांनी जी वस्तू प्रथम खिशात येते, तिचे ओझे पुढे सहा भागांतून हळूहळू वाढत जाते. ते ओझे आधीच माहीत असलेल्याला त्या सरोवराकाठचा निष्पाप डाव पुन्हा निष्पाप वाटणे शक्य नाही.

आता ‘द सिल्मरिलिअन’. टोल्किन १९७३ मध्ये वारला, आणि त्याच्या चिरंजीवाने, ख्रिस्तोफरने, गाय गॅव्ह्रिएल के याच्या साहाय्याने संपादित केलेला हा ग्रंथ १९७७ साली निघाला. त्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची हकिकत आहे. तेव्हा कालक्रमाचा कैवारी प्रथम येथेच बोट ठेवतो, आणि त्याच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, की हे दोन्ही ग्रंथ एकत्र प्रसिद्ध व्हावेत अशी टोल्किनची स्वतःची तीव्र इच्छा होती आणि तीपायी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे प्रकाशनही लांबले. तरीही नवागताने येथून प्रवेश करू नये असे माझे निश्चित मत आहे. मोठ्या कादंबरीत शेकोटीपाशी कोणी एखाद्या लुप्त नगरीचे नाव घेतो, कोणी प्राचीन प्रेमकथेचे एक कडवे म्हणतो, आणि या साऱ्यामागे अपार विस्तार पसरलेला आहे अशी जाणीव वाचकाला होते. न पाहिलेल्या दूरच्या प्रदेशाचे हे जे ओझरते दर्शन, त्यातच कथेचे बरेचसे आकर्षण आहे आणि तेथे प्रत्यक्ष जाण्याने ते नष्ट होण्याचा संभव आहे, असे टोल्किननेच एका पत्रात लिहून ठेवले आहे. शिवाय हजारो वर्षांची शकावली त्याने स्वतः रचली होती. ती त्याने कोठे ठेवली, तर तिसऱ्या खंडाच्या अखेरीस, परिशिष्टात. यापेक्षा स्पष्ट अभिप्राय दुसरा कोणता हवा? म्हणून आधी ‘द हॉबिट’, मग मोठी कादंबरी तिच्या परिशिष्टांसह, आणि त्यानंतर, मनात त्या दूरच्या प्रदेशाची ओढ उरली असेल तर, ‘द सिल्मरिलिअन’. २००७ चे ‘द चिल्ड्रेन ऑफ हूरिन’ स्वतंत्र शोकांतिकेसारखे वाचता येते, ते त्याच्या आधी हाती आले तरी हानी नाही. १९८३ ते १९९६ या काळात ख्रिस्तोफरने प्रसिद्ध केलेले बारा खंड मात्र हस्तलिखितांचे चिकित्सक संशोधन आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील पाठभेद ज्याला रुचतात, त्याला ते रुचतील.

नार्नियाचा क्रम कालक्रमाकडे गेला, तसा रॉबर्ट हॉवर्डच्या कॉननकथांचा त्याच्या नेमका उलट गेला. डिसेंबर १९३२ च्या ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात कॉनन प्रथम अवतरला तो सिंहासनावर बसलेला प्रौढ राजा म्हणून. त्याच्या तारुण्यातील चौर्याच्या गोष्टी त्यानंतर आल्या. भटके आयुष्य जगलेला साहसी पुरुष आपल्या आठवणी सांगू लागला तर त्या क्रमवार सांगत नाही, अशी हॉवर्डची भूमिका होती. १९३६ मध्ये तो गेला, आणि १९६६ पासून एल. स्प्रेग द कँप याने या कथा नायकाच्या वयोमानाने लावून, मधल्या रिकाम्या जागा स्वतःच्या व इतरांच्या कथांनी भरून, खंडशः छापल्या. चालू शतकाच्या आरंभी निघालेल्या आवृत्त्यांनी ही भर काढून टाकून हॉवर्डच्या लेखनाचा क्रम पुन्हा प्रस्थापित केला, आणि तो प्रत्येक दृष्टीने इष्ट झाला असे म्हटले पाहिजे. कारण या क्रमात एक तरुण लेखक आपल्याच नायकाला हळूहळू ओळखू लागलेला दिसतो. मायकेल मूरकॉकच्या एल्रिकचीही तीच स्थिती आहे: त्याच्या कथेचा अंत १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आला आणि आरंभ १९७२ मध्ये.

मागाहून लिहिलेल्या पूर्वकथांविषयी एवढे ध्यानात ठेवावे, की त्या लिहिताना लेखकाला वाचकाचे ज्ञान गृहीत धरता येते आणि तो ते धरतोच. रॉबर्ट जॉर्डनच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या चौदा खंडांच्या मालेचा आरंभ १९९० मध्ये झाला. जॉर्डन २००७ मध्ये निवर्तल्यावर शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसनने त्याच्या टिपणांवरून पूर्ण केले व २०१३ मध्ये माला संपली. ‘न्यू स्प्रिंग’ ही २००४ ची पूर्वकथा कथाकाळाने सर्वांच्या आधीची आहे, परंतु पहिल्या खंडाच्या आरंभी खेड्यात येणारी ती गूढ स्त्री कोण आणि तिचा हेतू काय, ही शंका खेडूत तरुणांबरोबर वाचकालाही छळावी अशी जी योजना आहे, ती या पूर्वकथेने निष्प्रभ होते. तिची जागा दहाव्या खंडानंतर, जेथे ती प्रत्यक्ष प्रसिद्ध झाली तेथेच. तेथे कथेची गती मंदावलेली असते आणि हा छोटा खंड वाचकाला नवी उभारी देतो. अर्सुला ले ग्विनने तर हे काम दुसऱ्या कोणावर ठेवलेच नाही. ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ या २००१ च्या कथासंग्रहाच्या प्रास्ताविकात, या कथा आधीच्या कादंबऱ्यांनंतर वाचाव्यात असे तिने स्वतः सुचविले आहे. संग्रह म्हणून तो वगळण्याकडे पुष्कळांचा कल असतो, त्यांना विनंती अशी की त्यातील शेवटची कथा ‘तेहानू’ आणि ‘द अदर विंड’ या कादंबऱ्यांमधील सांधा आहे. ती वगळल्यास शेवटच्या कादंबरीत एक महत्त्वाची व्यक्ती कोठून आली हे कळणार नाही. रॉबिन हॉबच्या फारसिअर मालेनंतर नायकाच्या ओढीने मधली जहाजांची त्रयी टाळून पुढे धावणाऱ्यांचीही अशीच हानी होते.

जॉर्ज मार्टिनच्या मालेतील चौथा आणि पाचवा खंड, अनुक्रमे २००५ आणि २०११ चे, कथाकाळाने बऱ्याच अंशी समांतर आहेत. एकच ग्रंथ आवाक्याबाहेर वाढल्यामुळे लेखकाने तो काळाच्या जागी स्थळांवर आणि पात्रांवर विभागला. या दोहोंची प्रकरणे एकात एक गुंफून रसिकांनी जे मिश्रक्रम तयार केले आहेत, त्यांतील परिश्रम वाखाणण्यासारखे आहेत, आणि दुसऱ्या वाचनासाठी ते अवश्य वापरावेत. परंतु चौथ्या खंडात काही पात्रांची जी दीर्घ अनुपस्थिती जाणवते, तीही प्रथम वाचनाच्या अनुभवाचा भाग आहे, आणि ती सोसावी.

सरतेशेवटी एक व्यावहारिक अडचण. आपल्याकडील सार्वजनिक वाचनालयांत आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत या माला अखंड क्वचितच मिळतात. दुसरा खंड असतो, पहिला नसतो. अशा वेळी वर उल्लेखिलेल्या बहुतेक मालांच्या बाबतीत थांबणेच हिताचे. टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्डला मात्र हा नियम लागू नाही. १९८३ ते २०१५ या काळातील या एकेचाळीस कादंबऱ्यांत बहुतेक प्रत्येक स्वयंपूर्ण आहे, आणि पहिल्या दोन तर मालेच्या पुढील प्रौढतेची पुरेशी कल्पना न देणाऱ्या असल्याने त्यांच्यापासून आरंभ न करणे बरे. १९८७ चे ‘मॉर्ट’ किंवा १९८९ चे ‘गार्ड्‌स! गार्ड्‌स!’ हाती आले तर निःशंकपणे उघडावे, आणि तेही नसेल तर जे मिळेल ते. अपवाद एकच. प्रॅचेटच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी निघालेले ‘द शेफर्ड्‌स क्राउन’ सर्वांत शेवटी वाचावे, आणि त्यापूर्वी चेटकिणींच्या कथांपैकी निदान काही वाचलेल्या असाव्यात. असे का, हे त्या पुस्तकाच्या आरंभीच्या प्रकरणांतच कळते. म्हणून त्याचे कारण या प्रस्तावनेत वा पुढील फेरिस्तीत कोठेही दिलेले नाही.